पाठ टेकल्यानंतर

माझ्या वस्तादांना कुणी विचारलं, "ह्यो तुमचा पैलवान कसा हाय?" तर ते माझ्या तोंडावरच सांगायचे, "धरतंय ब्येस. डोकं जरा कमी हाय." मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि त्या वाक्यातलं पहिलं निम्मंच मला ऐकू यायचं. आज पन्नाशीला टेकलोय, सांगलीत बायका-पोरींना स्वसंरक्षण शिकवतो, आणि आता दुसरं निम्मंही ऐकू येतं. यायला लय उशीर लागला. त्या उशिराची शिक्षा मला झाली असती तर गप बसलो असतो. ती दुसऱ्याच कुणाला तरी झाली, म्हणून सांगतोय.

आमचं गाव उंब्रजपासून आत, चालत पाऊण तास. तालीम म्हणजे एक कौलारू खोली, समोरच्या भिंतीत मारुती आणि मधोमध लाल मातीचा हौद. बाईमाणसानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. खुद्द वस्तादांची बायको, आमची काकी, ताकाची कळशी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून हाक मारायची. ते ताक, हळद आणि तेल मातीत कालवायचं, हौद खणायचा आणि मग जोर-बैठका. वस्ताद काठी घेऊन कडेला बसलेले. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. आठवड्यातले चार दिवस तरी माझी भाकरी वस्तादांच्याच चुलीवर भाजली जायची, आणि काकीनं मला कधी "बास का?" असं विचारलं नाही. "अजून घे" एवढंच म्हणायची. हे आधी सांगतो, कारण पुढं मी वस्तादांची तक्रार करणार आहे आणि ती ऐकून कुणी त्यांना नावं ठेवलेली मला चालायची नाहीत.

एका जत्रेच्या मैदानात माझी कुस्ती माझ्याहून दांडग्या पोराशी लागली. तो अंगावर आला की मी मागं सरकायचो. दोनदा तर हौदाच्या काठाकाठानं अख्खी फेरी मारली. लोक ओरडायला लागले, "आरं, पळतंय बघ पळतंय! सशाला आणलंय जणू!" हरलो ते हरलोच, वर हसं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांनी मला तालमीत घेतलंच नाही, गोठ्यात नेलं. त्यांची म्हैस नुकतीच व्यालेली होती. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून रेडकू आधी सोडतात आणि मग धार काढताना बाजूला ओढून धरतात. वस्ताद म्हणाले, "मानंला मिठी मार आन् धर. सुटलं तर तुझ्या वाटणीचं दूध त्येनं प्यायचं."

पहिले चार दिवस माझं दूध रेडकानंच प्यायलं. पाचव्या दिवशी मी ते दातओठ खाऊन धरलं. पुढं ते वाढत गेलं, मला शेणातून फरफटत न्यायला लागलं, पण मी सोडेना. काकी हसून हसून बेजार व्हायची. वस्ताद मात्र गंभीर चेहऱ्यानं धार काढत म्हणायचे, "पळतो त्यो पैलवान न्हवं. धरलं की सोडायचं न्हाई. समोरच्याची पाठ टेकली, पंचानं हात वर केला, मंगच सोडायचं." हे माझ्या अंगात इतकं मुरलं की पुढच्या जत्रांत माझ्या मिठीतून माणूस सुटल्याचं मला आठवत नाही. गावात मला नावच पडलं होतं, गोचीड.

पंचविशीला गुडघा गेला आणि मैदान संपलं. साताऱ्यात एका कारखान्यात कामाला लागलो. साताऱ्यात दर चौथ्या घरात एक रिटायर फौजी. माझ्या खोलीच्या मागंच एक सुभेदारसाहेब राहायचे. भरतीला जाणाऱ्या पोरांना सकाळी मैदानावर हातघाई शिकवायचे, निःशस्त्र माणसानं चाकूवाल्याच्या तावडीतून कसं सुटायचं ते. वाळकी अंगकाठी, खांद्याला माझ्या जेमतेम लागतील. मी मनात म्हटलं, हे काय शिकवणार, फुंकर मारली तर पाटणला जाऊन पडतील.

त्यांनी माझे कान बघितले, पैलवानाचे कान चेपलेले असतात, आणि म्हणाले, "पैलवान, पाड मला."

मी टांग मारली. साहेब सपशेल उताणे. मी त्यांना सोडलं, उठून उभा राहिलो आणि पोरांकडं असं बघितलं की आता टाळ्या पडतील. तेवढ्यात खालून माझ्या घोट्याला झटका बसला, मी तोंडावर आपटलो आणि साहेबांचा गुडघा माझ्या मानेवर आला. मी ओरडलो, "आवं, चितपट झालाय तुमी! कुस्ती संपली!"

"तुझी संपली असंल," ते म्हणाले, "माझी कुठं संपली?"

पोरं खदाखदा हसली. मला असा राग आला की दोन दिवस तिकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि पुढं सहा वर्षं जात राहिलो. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं कसं सोडवायचं, मागून मिठी पडली तर काय, केस धरले तर काय, सगळं त्या माणसानं शिकवलं, आणि ओरडला असेल तेवढाच जीवही लावला. गुडघ्याला रोज संध्याकाळी शेक घेतलास का म्हणून विचारायला खोलीवर यायचे. पण त्यांचा एक सराव मी कधी मनापासून केला नाही. सुटका झाली रे झाली की तिथून मैदानाच्या फाटकापर्यंत जीव खाऊन पळायचं आणि चार माणसं असतील तिथं जाऊन उभं राहायचं. बाकीची पोरं पळायची. मी चालत जायचो. गुडघ्याचं निमित्त सांगायचो. खरं कारण गुडघा नव्हतंच. पळायची लाज वाटायची. साहेबांना ते कळत होतं. एकदा एवढंच म्हणाले, "अर्धंच घेतोयस, जवान."

लग्नानंतर सांगलीत नोकरी लागली. एका मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी क्लास सुरू केला. कॉलेजच्या पोरी, दोन शिक्षिका, बँकेतल्या एक मावशी आणि एक नर्स. ही नर्स सगळ्यांत तयार. बारीक चणीची, पण चपळ, आणि प्रश्न विचारून डोकं खाणारी. घरी ती आणि शिवणकाम करणारी आई, दोघीच. मी शिकवायचो सुभेदारसाहेबांचं, पण माझ्याही नकळत खेळ व्हायचा कुस्तीचाच. एकीनं दुसरीला पाडायचं, पाठ टेकवायची, दाबून धरायचं. मग मी गादीवर थाप मारून म्हणायचो, "झाली!" ते ऐकल्यावरच सोडायचं. आणि पळायचा सराव? तो मी घेतलाच नाही. हॉल लहान आहे, असं स्वतःला सांगितलं. एक निमित्त संपलं की दुसरं सापडतंच माणसाला.

एके दिवशी सकाळी चहाच्या गाडीवर उभा होतो. कुणीतरी सांगितलं, "तुमच्या क्लासातल्या पोरीनं चोर लोळवला म्हणं! हॉस्पिटलच्या रस्त्याला!" मी असा फुगलो, काय सांगू. तिथल्या सगळ्यांना चहा पाजला. छाती पुढं काढून म्हटलं, "माझीच पोरगी ती. टांग मारली असंल तिनं." मग सांगणारा म्हणाला, "व्हय, पर तिचा हात मोडलाय म्हणं." हातातला कप तसाच ठेवून निघालो.

झालं होतं ते असं. सकाळच्या ड्युटीला ती चालत निघाली होती. मोटरसायकलवरून दोघं आले. मागचा उतरला आणि तिची पर्स ओढायला लागला. तिनं त्याचा हात धरला, टांग मारली आणि तो दाणकन उताणा पडला. ती त्याच्या छातीवर बसली, दोन्ही हात दाबून धरले. तेवढ्यात दुसरा गाडी वळवून आला आणि त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून तिच्या मनगटावर हाणलं. उजवं मनगट, दोन ठिकाणी मोडलं. ते दोघं पर्स घेऊन गेले.

हॉस्पिटलात ती कॉटवर बसली होती, हाताला प्लास्टर. मी म्हटलं, "अगं, त्याला पाडलंस तेव्हा लगेच निघून का नाही गेलीस? समोरच रिक्षा स्टँड होता."

तिनं प्लास्टरचा हात मांडीवर टेकवला. मग म्हणाली, "सर, मी वर बघितलं."

"वर म्हणजे?"

"त्याची पाठ टेकली ना. मी वर बघितलं. तुम्ही 'झाली' म्हणायची वाट बघत होते मी."

मला जागेवर मेल्यासारखं झालं. असली चूक अख्ख्या शहरात दुसऱ्या कुणी केली नसती, साध्या बाईनं तर नाहीच, ती हिसका देऊन पळाली असती. ही चूक फक्त माझ्या हाताखाली शिकलेलंच माणूस करू शकत होतं. शेजारी तिची आई उभी होती, गळ्यात कपडे मोजायची टेप तशीच अडकवून आलेली. ती म्हणाली, "सर, हिचं सगळं आयुष्य त्या हातावर हाय. शीर सापडवायची, सुई लावायची, उजव्याच हातानं. तुमी काय शिकवलंत माझ्या पोरीला? आता आमच्या दाराला येऊ नका आन् ही तुमच्या क्लासला यायची न्हाई." मी मान खाली घालून बाहेर आलो. हॉलला कुलूप लावलं आणि किल्ली मंडळाच्या अध्यक्षांना देऊन टाकली.

पंधरा दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. शेवटी बायकोच वैतागली. "भिंतीकडं काय बघत बसलाय? ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडं जावा की." म्हणून साताऱ्याला गेलो. सुभेदारसाहेब आता थकलेत, काठी घेतात, पण आवाज तोच. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, शिव्या घालतील. ते म्हणाले, "मी पूर्ण शिकवलं होतं. तू अर्धं घेतलंस आणि अर्धंच दिलंस. ज्याच्या भीतीनं अर्धं घेतलंस, त्याला जाऊन विचार. आणि क्लास बंद केलास हे मला सांगू नकोस. जखमी जवान मागं टाकून कोण जातं?"

तिथून थेट उंब्रजची एसटी धरली.

वस्ताद ऐंशीच्या घरात आलेत. काकी आता नाही. ते पडवीत घोंगडीवर बसले होते. मी पाया पडलो आणि एका दमात सगळं ओकलो. माझा आवाज चढत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर चढवला. "तुमीच म्हणायचा, पळतो त्यो पैलवान न्हवं! तुमीच म्हणायचा, पंचानं सांगितल्याबिगर सोडायचं न्हाई! मी तेच शिकवलं, आन् पोरीचा हात गेला!"

बोलून झालं आणि मीच घाबरलो. लहानपणी एवढं बोललो असतो तर काठी मोडेपर्यंत मार बसला असता.

वस्तादांनी विचारलं, "हात कुठला?"

"उजवा."

"सुया टोचती म्हणलास नव्हं? मंग उजवाच लागणार." त्यांनी अंगावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "आरं, मी सांगितलं ते हौदातलं. हौदाला पंच असतो. रस्त्याला पंच कुठनं आणायचा? एवढं तुला कळाय पायजे हुतं." थांबून पुढं म्हणाले, "न्हाई. मलाच सांगाय पायजे हुतं. तुज्या डोक्याचं म्हाईत असून मी सांगितलं न्हाई. माझं चुकलं गड्या."

उभ्या जन्मात या माणसाच्या तोंडून "माझं चुकलं" हे मी ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडतंस काय बाईवानी? ऊठ. मला सांगलीला न्हे."

"आवं, तिची आई दारात उभं करणार न्हाई."

"मला करंल. म्हाताऱ्याला कोण हाकलतंय?"

प्लास्टर निघाल्यावर आठवड्यानं गेलो. मी गल्लीच्या तोंडाशीच थांबलो, वस्ताद एकटे गेले, हातात घरच्या तेलाची बाटली. मोडलेल्या हातापायाला आमच्याकडं सगळं गाव वस्तादांकडंच यायचं. दहा मिनिटांनी त्या आईनंच मला हाक मारली, तीही तोंड वळवून. आत गेलो तर वस्ताद पाटावर बसलेले आणि पोरगी त्यांना दम देत होती, "आजोबा, ओढायचं नाही हं. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय तेवढाच करायचा. तुम्ही फक्त तेल लावा." ज्या माणसापुढं अख्खी तालीम चळाचळा कापायची, तो म्हणाला, "बरं बाई, तू सांगशील तसं." आणि तो फक्त तेल लावत राहिला, अंगठ्यानं, हलक्या हातानं. लावता लावता म्हणाला, "पोरी, ह्यानं तुला चुकीचं शिकवलं. ह्याला मी शिकवलं. म्हंजी तुझ्या हातावर मीच मारलं. राग धरायचा तर माझ्यावर धर."

ती म्हणाली, "राग नाही हो आजोबा. मला फक्त पुढचं शिकायचंय. पाडल्यावर काय करायचं, ते." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, हॉल का बंद केलात? रविवारी दोघी-तिघी येऊन कुलूप बघून गेल्या."

मी तिच्या आईकडं बघितलं. ती शिवणयंत्रावर पाय मारत राहिली. पण नको म्हणाली नाही.

महिन्याभरानं, तिची बोटं वळायला लागल्यावर, किल्ली परत आणली. पहिल्या रविवारी वस्ताद पहाटेच्या एसटीनं एकटे आले. माझ्याआधी हॉलच्या पायरीवर हजर. आत आल्यावर एवढ्या बाया बघून जरा बावरले, खुर्ची ओढून कोपऱ्यात बसले. मी गाद्या गुंडाळून ठेवल्या आणि सरळ सांगून टाकलं, "आजपासून मी 'झाली' म्हणणार नाही. सुटलात की दारातून बाहेर, खाली रस्त्यावर, चार माणसांत. मी पळायला लाजलो म्हणून तुम्हाला शिकवलं नाही. माफी मागतो." बँकेतल्या मावशी म्हणाल्या, "मग चला की, पळवा."

नर्सबाईंच्या डाव्या मनगटाला मी धरलं. तिनं अंगठ्याच्या बाजूनं हात सोडवला आणि दारातून जी गेली ती गेलीच. जिन्यावर चपलांशिवाय पाय वाजले. वस्ताद खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. खाली ती रस्ता ओलांडून रसवंतीपुढं उभी होती, धापा टाकत. तिनं वर बघितलं नाही. वस्ताद मला म्हणाले, "ह्ये बघ. ह्ये तुला जमलं न्हाई कवा." मी म्हटलं, "व्हय वस्ताद." मला त्याचं वाईट वाटलं नाही. लय बरं वाटलं.

तिची आई दाराशी चपलांजवळ बसली होती. लेकीला एकटं पाठवणार नाही म्हणून आलेली, सगळा वेळ तोंड घट्ट मिटून. पोरगी वर आली, घामानं भिजलेली, हसत. आईनं तिच्याकडं बघितलं, उजवा हात हातात घेऊन बोटं उघडमीट करून बघितली. मग उठली, पदर कमरेला खोचला आणि माझ्याकडं न बघता सरळ वस्तादांपुढं जाऊन मनगट पुढं केलं.

"आवं वस्ताद, माझा धरा की."

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. साठ वर्षं ज्यानं बाईमाणसाला तालमीच्या उंबऱ्यापाशी थांबवलं, त्याच्यापुढं एक बाई हात करून उभी होती. त्यांनी तिचं मनगट दोन बोटांत कसंबसं धरलं.

"असं काय धरताय, देवाला फूल वाहिल्यासारखं?" ती म्हणाली. "घट्ट धरा. त्यो चोर काय हळू धरणार हाय व्हय?"

आणि वस्तादांनी घट्ट धरलं.